नवा पिस्टन टाकूनही चेनसॉ पुन्हा सीझ होतो, तेव्हा

एकच चेनसॉ मी तीन वेळा खोलला आहे. पहिल्या वेळी पिस्टनवर चरे पडून तो अडकला होता. वाटलं, मशीन जुनं आहे, कधीतरी जायचंच. नवा पिस्टन, नवी रिंग टाकली. दुसऱ्या झटक्याला सुरू झालं, चार टाक्या पेट्रोल मजेत जाळलं आणि पाचव्या टाकीला जाड बुंध्यात शिरलेलं असताना आवाज एकदम चढला, बारीक झाला आणि बंद. दोरी ओढायला गेलो तर दगडाला बांधल्यासारखी. दुसऱ्या वेळी जरा शहाणपण सुचलं, म्हणून इंजिनात हवा भरून, साबणाचं पाणी लावून गळती शोधली. एक बुडबुडा आला नाही. निर्धास्तपणे आणखी एक पिस्टन टाकला. तिसऱ्या वेळी काय झालं ते पुढे येईलच, कारण सगळी गोम तिथेच होती.

तुमच्याही मशीनचं असंच होत असेल, दुरुस्ती झाली की थोडे दिवस छान चालतं आणि पुन्हा तेच, तर नवा पिस्टन मागवायच्या आधी एवढं धरून चाला की पिस्टन हा बहुतेक वेळा मेलेला असतो, मारणारा नसतो. मारणारा शोधला नाही तर तो पुढच्याचीही वाट बघत आतच बसलेला असतो.

चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक. त्याला वेगळी ऑइलची टाकी नाही, पंप नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल हवेबरोबर आत येतं आणि जाता जाता क्रँकचे (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या शाफ्टचे) बेअरिंग, पिस्टन, रिंग यांना चाटून जातं. तेच पेट्रोल इंजिनाला आतून थंडही करतं. आता हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या पुढे कुठेतरी बारीक फट पडली आणि तिथून जादा हवा आत शिरली, तर त्या हवेबरोबर ना पेट्रोल येतं ना ऑइल. कार्बोरेटरला त्या हवेची खबरच नसते, तो आपला नेहमीइतकंच पेट्रोल देत राहतो. मिश्रण पातळ होतं, उष्णता वाढते, पिस्टन फुगतो, ऑइलचा पातळ थर तुटतो आणि पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला चिकटतं. याला आपण सीझ होणं म्हणतो. आपण पिस्टन बदलतो आणि फट तशीच राहते.

न खोलता काय कळतं

इंजिन हवा घेत असेल तर ते आधी सांगतं, आपण ऐकत नाही एवढंच. रेस सोडल्यावर मशीन लगेच खाली न येता दोन-तीन सेकंद वरच घुटमळतं. स्लो, म्हणजे रेस न देता मशीन चालतं तो वेग, एका जागी टिकत नाही, आपोआप चढतो. सकाळी लावलेला स्लो दुपारी गरम झाल्यावर वेगळाच लागतो. आणि सगळ्यात बोलकी खूण म्हणजे मशीन स्लोवर चालू ठेवून एका कुशीवर, मग दुसऱ्या कुशीवर, मग नाक खाली असं वळवायचं. सरळ धरल्यावर एक आवाज आणि आडवं केल्यावर दुसरा असेल, तर क्रँकच्या शाफ्टभोवती हवा अडवणाऱ्या सीलवर किंवा बेअरिंगवर संशय घ्या. बंद थ्रॉटलला क्रँककेसमध्ये (क्रँक ज्यात फिरतो त्या पेटीत) ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, जास्त असते आणि कार्बोरेटरमधून येणारी हवा कमी, म्हणून फटीतून येणारी थोडीशी हवाही स्लोला लगेच जाणवते. पूर्ण रेसला ती लपून जाते, पण पिस्टन मात्र तेव्हाच जळतो.

माझं मशीन दुसऱ्या दुरुस्तीनंतर हेच करत होतं. मी काय केलं? कार्बोरेटरवरचा एल स्क्रू (कमी रेसचं पेट्रोल ठरवणारा) थोडा सोडला, पेट्रोल वाढवलं, स्लो बसला. गळती झाकली गेली. त्या दिवशी मी स्वतःला चांगला ट्यूनर समजत होतो.

सगळ्या तक्रारी हवेच्या नसतात, हेही खरं. मशीन दहा मिनिटं छान चालून बंद पडतं आणि थोडं थांबलं की पुन्हा चालू होतं, अशी तक्रार असेल तर बंद पडल्याबरोबर टाकीचं झाकण सैल करून बघा. फुस्स करून हवा आत गेली आणि मशीन लगेच सुरू झालं, तर टाकीचा व्हेंट तुंबलाय. टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल वर येत नाही. यात वाईट एवढंच की बंद पडायच्या आधीची दोन मिनिटं इंजिन पातळ मिश्रणावर चालतं, म्हणजे हाही पिस्टन मारूच शकतो. टाकीतला फिल्टर तुंबला किंवा पेट्रोलची नळी चिरली तरी तेच. नळी वाकवून बघा. सरळ असताना न दिसणारी चीर वाकवल्यावर तोंड उघडते. गरम झाल्यावर ठिणगीच जात असेल तर इग्निशन मॉड्यूल. त्यासाठी बंद पडल्या पडल्या प्लग काढून, धातूला टेकवून ठिणगी बघावी लागते, गार झाल्यावर बघून उपयोग नाही. मात्र प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते, म्हणून प्लग त्या भोकापासून लांब धरा.

कॉम्प्रेशनचा अंदाज मीटरशिवायही येतो. स्विच बंद करा, मशीन दोरीच्या मुठीला धरून उचला आणि लटकू द्या. चांगलं इंजिन स्वतःचं वजन पेलतं, किंवा अडखळत अडखळत हळू खाली येतं. सरसर खाली आलं तर आत काहीतरी गेलंय. मीटर लावणार असाल तर १२० ते १५० पीएसआय ही समाधानाची पातळी. १०० च्या खाली गेलेलं मशीन सुरू व्हायलाच कुरकुरतं. पण मीटर कसला लावताय ते बघा. मोटारीच्या मीटरला लांब नळी असते आणि तिचा व्हॉल्व्ह मीटरच्या बाजूला असेल, तर एवढ्या छोट्या इंजिनाची अर्धी हवा ती नळी भरण्यातच जाते. मग चांगलं इंजिनही ८० दाखवतं. व्हॉल्व्ह प्लगच्या टोकाला असलेला मीटरच इथे खरा. डीकॉम्प्रेशनचं बटण (दोरी ओढताना कॉम्प्रेशन कमी करणारं) असेल तर ते दाबलेलं नाही ना, तेही बघा. (हसू नका, मी एकदा पाऊण तास घालवलाय.)

सायलेन्सर काढा, आत बघा

प्लगचा रंग बघून निदान करणारे खूप आहेत. मी पिस्टन बघतो. दोन-तीन बोल्ट काढले की सायलेन्सर हातात येतो आणि समोर एक्झॉस्टची खिडकी. दोरी हळू ओढत पिस्टन वर-खाली करा, आत टॉर्च मारा. पाच मिनिटांचं काम आहे.

चरे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला, उभे, आणि पलीकडची बाजू स्वच्छ असेल तर इंजिन तापलं होतं: मिश्रण पातळ, म्हणजे हवा किंवा पेट्रोलची टंचाई. चारी बाजूंनी सारखे चरे असतील तर ऑइलच नव्हतं. कोणीतरी साधं पेट्रोल भरलं. इनटेकच्या बाजूला, खालच्या भागात, पॉलिश केल्यासारखी राखाडी घासट असेल तर एअर फिल्टरमधून भुसा आणि धूळ आत जातेय. इनटेककडचं बघायला कार्बोरेटर काढावा लागतो. एक्झॉस्टच्या कडेला एका जागी खोल, तुटक खूण असेल तर कार्बनचा तुकडा सुटून अडकला असावा.

नख फिरवा. नखाला लागत नाही असा चरा म्हणजे अजून वेळ आहे. नख अडलं, की सिलिंडर खोलायचा.

इथे आलाच आहात तर सायलेन्सरच्या तोंडाची जाळीही बघून घ्या. ती कार्बनने भरली तर मशीन रेसच घेत नाही, आणि लोक कार्बोरेटर बदलत बसतात.

हवेची चाचणी, आणि मी कुठे चुकलो

या सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. घरी करता येतो. लागतं ते एवढंच: दाब आणि ओढ दोन्ही देणारा, मीटर असलेला हातपंप (ब्रेकमधली हवा काढायला मिळतो तसा), सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे आणि साबणाचं पाणी.

ट्यूबचा एक तुकडा सायलेन्सर आणि सिलिंडरच्या मध्ये धरून सायलेन्सरचे बोल्ट कसा, एक्झॉस्ट बंद. दुसरा तुकडा कार्बोरेटर आणि इनटेकच्या रबरी बूटमध्ये, इनटेक बंद. प्लग घट्ट. आता पंपाची नळी क्रँककेसच्या इम्पल्स नळीला जोडा, ज्या बारीक नळीने कार्बोरेटरच्या डायफ्रामला, म्हणजे आतल्या पातळ पडद्याला, धक्के मिळतात ती. काही मशीनला ही वेगळी नळी नसते, धक्का बूटच्या फ्लँजमधूनच जातो. तिथे प्लगच्या जागी अडॅप्टर लावून हवा द्यावी लागते, आणि ट्यूबने ते इम्पल्सचं भोकही झाकलं गेलं पाहिजे.

०.५ बार, म्हणजे साधारण ७ पीएसआय, एवढाच दाब द्या. उत्साहात जास्त दिलात तर धडधाकट सील जागेवरून उठेल. अर्धा मिनिट काटा हलता कामा नये. हलला तर साबणाचं पाणी सिलिंडरच्या तळाला, बूटला, डीकॉम्प्रेशन बटणाला, प्लगला, क्रँककेसच्या जोडाला आणि फ्लायव्हील-क्लचच्या मागे दोन्ही सीलना लावा. बुडबुडे सांगतील.

चाचणी पिस्टन दोन जागी ठेवून करायची. पिस्टन तळाला असताना ट्रान्स्फरच्या (क्रँककेसमधून सिलिंडरमध्ये जाणाऱ्या) वाटा उघड्या असतात, त्यामुळे क्रँककेस आणि सिलिंडर एकत्र तपासले जातात, पण इनटेकची खिडकी पिस्टनच्या अंगाने झाकलेली असते. पिस्टन वर नेला की खालून इनटेक उघडतं आणि तेव्हाच बूटची खरी परीक्षा होते. बूट चिरलेला असेल आणि तुम्ही फक्त तळाला तपासलंत, तर तो पास होऊन जाईल.

हे सगळं मी दुसऱ्या वेळी केलं होतं. काटा जागचा हलला नव्हता.

तिसऱ्या वेळी मशीन आडवं धरलं की स्लो चढतोय हे लक्षात आल्याबरोबर मी ते बंद केलं. सायलेन्सर काढला तर एक्झॉस्टच्या बाजूला तीन-चार केसाएवढे चरे, नख सरकत होतं. पिस्टन वाचला होता. पुन्हा सगळं बंद करून दाब दिला. काटा पुन्हा जागेवर. मग पंपाची कळ उलटी करून ओढ दिली, तीही ०.५ बार. काटा बघता बघता शून्यावर आला. पुन्हा ओढ दिली, पुन्हा शून्य.

ऑइल सीलची ओठासारखी कड आतल्या बाजूला, इंजिनाकडे तोंड करून असते. आतून दाब दिला की तो दाबच त्या ओठाला शाफ्टवर चेपतो, झिजलेलं सीलसुद्धा घट्ट बसतं. ओढ दिली की ओठ शाफ्टवरून सुटतो आणि बाहेरची हवा आत. दाबात पास, ओढीत नापास. आणि इंजिनात तर दोन्ही आळीपाळीने होतं, मिनिटाला हजारो वेळा. मी अर्धीच परीक्षा घेतली होती आणि पूर्ण मार्क दिले होते.

ओढ देताना साबणाचं पाणी कामाचं नाही, बुडबुडा बाहेर येणार कसा? मी ऑइलच्या कॅनची लांब चोच घेऊन क्लचकडच्या सीलच्या कडेला एक थेंब सोडला. थेंब तसाच राहिला, काटा पडतच होता. मग फ्लायव्हील काढून त्या बाजूच्या सीलवर एक थेंब. तो शाफ्टभोवती अर्धा गोल पसरला, क्षणभर चमकला आणि आत ओढला गेला, दिसेनासा झाला. तेवढ्यापुरता काटाही थबकला. दोन पिस्टनचा मारेकरी तो, एक रबरी चकती, जी मी आधीच्या दोन्ही वेळी ‘बरी दिसतेय’ म्हणून ठेवली होती.

चाचणी चालू असताना क्रँक हाताने थोडा थोडा फिरवत राहा. काही सील एका जागी धरतात आणि चतकोर फेरा फिरवला की सोडतात.

सील काढताना, बसवताना

आधी बेअरिंग बघा. क्रँकचं टोक धरून वर-खाली हलवा. वर-खाली जराही खेळ असेल तर बेअरिंग गेलंय, आणि डुगडुगणाऱ्या शाफ्टवर नवं सील टाकणं म्हणजे मोडक्या बिजागरीच्या दाराला नवं कुलूप. तेव्हा क्रँककेस फोडावाच लागतो. आत-बाहेर किंचित सरकणं मात्र काही इंजिनांत चालतं.

बेअरिंग चांगलं असेल तर क्रँककेस न फोडता सील निघतं. क्लच आणि फ्लायव्हील काढावे लागतात. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून जाड दोरीचा तुकडा आत सोडतात, पण त्याआधी पिस्टन एक्झॉस्टच्या खिडकीच्या वर गेलाय याची खात्री करा. नाही तर दोरी खिडकीत जाते आणि रिंग तिच्यावर चावते. दोरीचं टोक बाहेर ठेवा, त्याला गाठ मारा. क्लचचे आटे बहुतेक चेनसॉवर उलटे असतात. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतो. पान्याचा किंवा हातोड्याचा नाद लागायच्या आधी क्लचवर कोरलेला बाण बघा. फ्लायव्हीलचं नट बहुधा सरळ आट्याचं. नट दोन-तीन फेरे सैल करून तसंच ठेवा, फ्लायव्हीलला मागून हलका ताण द्या आणि नटावर मऊ हातोडीचा एक टोला द्या, कोनातून सुटतं. फ्लायव्हीलची चावी तुटलेली किंवा सरकलेली असेल तर टायमिंग बिघडतं. मशीन उलटा झटका मारत असेल तर ती आधी बघा.

जुनं सील उपटताना शाफ्टला आणि सीलच्या घराला ओरखडा पडता कामा नये. मी सीलच्या धातूच्या अंगात बारीक भोक पाडून त्यात स्क्रू फिरवतो आणि स्क्रू पकडीने ओढतो. भोक मारताना ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळून खोली बांधून घ्यायची, कारण मागे लगेच बेअरिंग आहे, आणि ड्रिलचा कीस आत पडू नये म्हणून बिटला ग्रीस लावायचं. नवं सील बसवताना शाफ्टच्या चावीच्या खाचेवर टेपचा एक वेढा द्या, नाही तर ती धारदार कड नव्या ओठाला पहिल्याच फेरीत कापते. ओठाला ऑइल, ओठ आतल्या बाजूला, आणि सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढ्या सॉकेटने सरळ, हळू ठोकत आधीच्या सीलच्याच खोलीपर्यंत.

परत बसवताना मॉड्यूल आणि फ्लायव्हीलच्या चुंबकातलं अंतर ०.३ मिलिमीटरच्या आसपास असतं. जाडसर व्हिजिटिंग कार्ड मध्ये घालून स्क्रू कसले की झालं.

सिलिंडर आणि पिस्टन

चेनसॉचा सिलिंडर अ‍ॅल्युमिनियमचा आणि आतून क्रोम किंवा निकासिलचा कडक मुलामा दिलेला. सीझ झाल्यावर आत दिसणारे उंचवटे बऱ्याचदा सिलिंडरचे चरे नसतातच. पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम वर लिंपलेलं असतं. म्हणून सिलिंडर घाईने टाकून देऊ नका. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड कापसाच्या बोळ्याने फक्त त्या लिंपलेल्या जागी लावलं की ते फसफसतं आणि अ‍ॅल्युमिनियम खातं. फसफस थांबली की पाण्याने धुवायचं, पुन्हा लावायचं. निकासिलच्या मुलाम्याला सहसा काही होत नाही, क्रोमला मात्र हे अ‍ॅसिड खाऊ शकतं; आणि खिडक्यांच्या कडेला जिथे मुलामा संपतो तिथे अ‍ॅसिड गेलं तर सिलिंडरच खाईल. हातमोजे, चष्मा, उघडी हवा, आणि लोखंडी हत्यारं लांब, कारण नुसत्या वाफेनेही ती गंजतात. मग बारीक पॉलिश पेपर आडवा-तिरपा फिरवून, साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून लगेच ऑइलचा हात. मुलामा उडून खालचं मऊ अ‍ॅल्युमिनियम दिसत असेल तर मात्र सिलिंडर संपला.

नवी रिंग पिस्टनवर चढवायच्या आधी ती नुसतीच सिलिंडरमध्ये घालून पिस्टनने सरळ ढकला आणि टोकांमधली फट मोजा. ४५ मिलिमीटरच्या सिलिंडरला साधारण ०.२ मिलिमीटर चांगली. टोकं एकमेकांना टेकत असतील तर गरम झाल्यावर रिंग अडकणार.

पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. रिंगच्या खाचेत एक बारीक पिन असते, रिंगची दोन्ही टोकं त्या पिनच्या दोन बाजूंना यायला हवीत. पिन चुकली की सिलिंडर खाली ओढताना रिंग मोडते. जोर लावावासा वाटला की थांबायचं, कारण नीट बसलेल्या रिंगवर सिलिंडर बोटांच्या दाबानेच सरकतो. गजन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) क्लिपा नेहमी नव्या. जुनी क्लिप सैल असते, ती सुटली की पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही घेऊन जाते. क्लिपचं तोंड वर किंवा खाली ठेवा, आडवं नको. आणि क्लिप बसवताना क्रँककेसच्या तोंडात कापड कोंबून ठेवा. क्लिप उडाली की ती नेहमी खालीच जाते.

माझा पिस्टन वाचलेला होता म्हणून मी त्यावर फक्त बारीक पेपर फिरवला, चऱ्यांच्या कडा बसवल्या आणि रिंग नवी घातली. सगळं जोडून झाल्यावर, कार्बोरेटर लावायच्या आधी, पुन्हा चाचणी. दाब आणि ओढ, दोन्ही.

कार्बोरेटर, मिश्रण, ट्यूनिंग

डायफ्राम कडक झाले असतील, हाताला कागदासारखे लागत असतील तर बदला. खोलताना गॅस्केट आणि डायफ्राम कुठल्या क्रमाने आहेत याचा फोटो काढा. मीटरिंगच्या बाजूला गॅस्केट आधी, मग डायफ्राम, आणि पंपाच्या बाजूला बहुधा उलटं. आतल्या छोट्या लिव्हरची उंची ज्या त्या कार्बोरेटरप्रमाणे वेगळी असते, ती उगाच वाकवू नका. तार घालून जेट साफ करू नका.

पेट्रोल-ऑइलचं मिश्रण ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर टू-टी ऑइल, जर कंपनीने तेच सांगितलं असेल तर. मोजायला सुई नसलेली सिरिंज घ्या, बाटलीच्या झाकणाचा अंदाज नको. ‘इंजिन वाचावं म्हणून’ दुप्पट ऑइल घालणारे भेटतात. जादा ऑइलने जेटमधून जाणाऱ्या प्रत्येक थेंबातलं पेट्रोल कमी होतं, हवा-पेट्रोलचं मिश्रण उलट किंचित पातळ होतं, आणि कार्बन साचतो तो वेगळाच. मिसळलेलं पेट्रोल महिन्याभरात संपवा. इथेनॉल असलेलं असेल तर त्याहून लवकर, कारण ते हवेतलं पाणी ओढतं.

एल आणि एच (जास्त रेसचं पेट्रोल ठरवणारा) या स्क्रूंची सुरुवात दोन्ही एक-एक फेरा उघडे ठेवून करा; स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवला की पेट्रोल कमी होतं. तळाला नुसता टेकवायचा, कसायचा नाही. इंजिन गरम झालं की आधी एल: रेस दाबल्यावर अडखळू नये. मग स्लो, मिनिटाला २७०० ते २८०० फेऱ्यांच्या आसपास, साखळी फिरता कामा नये. शेवटी एच. एच कान लावून लावायचा असतो. मोकळ्या पूर्ण रेसला आवाजात थोडी बडबड हवी, जणू इंजिन एक ठोका सोडून ठोका मारतंय. लाकडात घातलं की ती बडबड जाऊन आवाज एकसंध व्हायला हवा. मोकळ्यालाच आवाज सुईसारखा बारीक असेल तर मिश्रण पातळ आहे, लगेच सोडा.

यात एक फसगत आहे. हल्लीच्या पुष्कळ मॉड्यूलमध्ये वेगाला मर्यादा घातलेली असते. ती मर्यादा लागली की मॉड्यूल ठिणगी गाळतं आणि अगदी तशीच बडबड ऐकू येते. आपल्याला वाटतं मिश्रण जाड आहे, आपण एच आणखी बंद करतो, आणि पिस्टन पुन्हा हातात. अशा मशीनला टॅकोमीटर (फेऱ्या मोजणारा मीटर) लावा. कंपनीने दिलेल्या कमाल वेगाच्या काहीशे फेऱ्या खालीच थांबा, बहुतेक चेनसॉला तो १२,५०० ते १३,५०० मध्ये असतो.

पहिल्या दोन-तीन टाक्या मी एच थोडा जाडच ठेवला. मोकळ्यावर लांब रेस दिली नाही, लाकडात घालून कमी-जास्त करत चालवलं. स्लो पहिल्यांदाच सकाळ-दुपार सारखा लागला. उजवीकडे कलवलं, डावीकडे कलवलं, नाक खाली केलं, तोच आवाज.

पाचव्या टाकीनंतर, जिथे मागचा पिस्टन मेला होता तिथे, मशीन गार होऊ दिलं आणि सायलेन्सर काढून टॉर्च मारला. पेपर फिरवलेली जागा मंद राखाडी दिसत होती, तिच्या दोन्ही बाजूंना कारखान्यातल्या लेथच्या आडव्या रेघा तशाच होत्या, आणि उभी रेघ एकही नव्हती. बोल्ट कसले आणि टाकी भरली.